चमचाभर कमी

काकू रोज सकाळी अंगात घालायचा कपडा आधी उलटा करायची. खिडकीकडे धरून शिवणीवरून अंगठा फिरवायची, कुठे टाका उसवला नाही ना ते बघायची आणि मगच सुलटा करून घालायची. कपडा आदल्या दिवशी तिनेच धुतलेला असायचा, घडीही तिचीच. तरी मधल्या रात्रीचा भरवसा तिला नव्हता.

शर्टांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर तिचा जन्म गेला. शिवून आलेला प्रत्येक शर्ट तिच्या हाताखालून जायचा आणि चूक सापडली की तिथे लाल बाणाचा एवढासा स्टिकर चिकटायचा. सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी, खरं काय ते उलट्या बाजूला, असं ती म्हणायची. टेबलाचा दुसरा नियम तिला त्याहून प्रिय होता. तपासायला आलेला नग जसा आला तसाच पुढे गेला पाहिजे. तपासताना बटण तुटलं तर ते चेकरनेच लावून द्यायचं.

निवृत्त होताना उरलेले बाण तिने घरी आणले. मी शिकायला म्हणून तिच्याकडे राहायला आले तेव्हा करकरणाऱ्या बिजागरीवर एक होता, गळक्या नळावर एक. एकदा दादा, म्हणजे तिचा मुलगा, जेवून आळस देत उठला तर त्याच्या सुटलेल्या पोटावर तिने बाण चिकटवला. तो तसाच चष्म्याच्या दुकानात कामाला गेला आणि दुपारी एका गिऱ्हाइकाने त्याला तो दाखवला.

दादाने लग्न केलं ते बस चालवणाऱ्या मुलीशी. पहिल्या भेटीत सगळे एकमेकांकडे बघून हसत असताना काकूने विचारलं, "ब्रेक वेळेवर लागतो का?"

"लागतो की."

"बघू."

वहिनीची बसवरची पाळी उजाडायच्या आत सुरू व्हायची. शेवटच्या थांब्यावर गाडी उभी राहायची ती पाय मोकळे करण्यापुरती. तेवढ्यात डबा उघडून जेवणं शक्य नव्हतं. म्हणून ती आदल्या संध्याकाळीच मिक्सर लावायची. पिकलं केळं, मूठभर पालक, भिजवलेले ओट्स, भाजलेले शेंगदाणे, खजूर आणि पाणी. शेवटी एका जुन्या, लेबल नसलेल्या डब्यातून चमचाभर पूड. ते दाट हिरवं प्रकरण रुंद तोंडाच्या बाटलीत भरून ती फ्रीजमध्ये ठेवायची.

"हे जेवण?" काकूने पहिल्या दिवशी विचारलं.

"स्मूदी म्हणतात, आई. पोटभर होतं आणि एका हातात मावतं."

"आणि ती पूड कसली?"

"ताकदीची," वहिनी घाईत म्हणाली आणि मिक्सर सुरू केला. त्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही.

इथेच पाणी मुरायला लागलं. केळं दिसलं होतं, पालक दिसला होता, पूड मात्र नुसती पूड होती. आणि एकदा सगळं वाटून एकजीव झालं की त्याला उलटी बाजूच उरत नाही, मग बघायचं कुठे? काकू माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणायची, "बारीक व्हायची पावडर असते ना, तीच ही. घरचं अन्न नको, चहा तो काळा. आमच्या टेबलावरची एक पोरगी अशीच पाण्यात कालवून काहीबाही प्यायची. लग्नात छान दिसायचं होतं तिला. शर्टांच्या ढिगावर आडवी झाली एके दिवशी."

"तू विचार ना वहिनीला."

"माल शिवणाऱ्याला विचारून चेकिंग करतात होय?"

पुढच्या महिन्याभरात वहिनी उतरली. गाडी चालवताना तिच्या पोटात कळा यायला लागल्या. घरी असली की काही नाही, बाटली प्यायली की तासाभरात सुरू. बाटलीतलं कधी पातळ लागायचं, कधी रंग फिकट दिसायचा. डेपोतल्या कंडक्टर बाईंना तिने हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "सासू आहे ना घरी? मग मला कशाला विचारतेस!" वहिनी तेव्हा हसली. पण परतल्यावर फ्रीज उघडताना तिने काकूकडे एकदा वळून पाहिलं, आणि काकू तिच्याकडेच बघत होती.

मग एका सकाळी भरलेली बस तिला रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली. आतले लोक ओरडत होते आणि ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली होती. त्या संध्याकाळी तिने दादाला सांगितलं की डेपोजवळ एक खोली बघून ठेवलीय. "तू येणार असलास तर ये. मी या घरातलं आता काही तोंडात घालणार नाही. माझ्या बाटलीत कोणीतरी काहीतरी घालतंय."

"अगं, आई असं कशाला करेल?"

"मी आईंचं नाव घेतलं का?"

दादा म्हणजे गावाला स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर काचा बसवणारा माणूस, पण घरात चष्मा काढून वावरायचा.

वहिनीने तरीही त्या संध्याकाळी बाटली भरून ठेवली. पहाटे गजर व्हायच्या आधीच ती उठली आणि अंधारात स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिने मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाने मला जाग आली आणि मी बाहेर आले.

"काय घालताय त्यात?"

फ्रीजच्या उजेडात काकू उभी होती. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात पातेलं. ती दचकलीसुद्धा नाही. "दूध."

"का?"

"चमचाभर मी खाल्लं. तेवढं कमी झालं, तर भरून नको ठेवायला? पाण्यापेक्षा दूध अंगी लागतं. कधी दोन चमचेही लागतात, नीट कळत नाही."

"म्हणजे तुम्ही रोज..."

"मग? तू काय पितेस ते बघायला नको? उद्या गाडीवर आडवी झालीस तर?"

"आडवीच झाले होते काल!" वहिनीचा आवाज चिरकला. "मला दूध चालत नाही, आई. थेंबभरसुद्धा नाही. लहानपणापासून."

काकूने पातेलं खाली ठेवलं. "हे कधी सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

"काळा चहा पितेस ती मला फॅशन वाटली. आणि त्या डब्यात काय आहे?"

"जवस! भाजून केलेली जवसाची पूड!"

"मग त्यावर लेबल का नाही?"

"घरी दळलीय, लेबल कुठून येणार?"

वहिनीचा विश्वास बसलेला नव्हता, ते चेहऱ्यावर दिसत होतं. तिने बाटली उचलून काकूपुढे धरली. "एवढं साधं असेल तर प्या. सगळी."

काकू स्टुलावर बसली आणि प्यायली. घाई केली नाही, मध्ये थांबलीही नाही. वरच्या ओठावर हिरवी मिशी उमटली. रिकामी बाटली उजेडाकडे धरून तिने तळ पाहिला. "मिठाचा कण नाही यात. पण पोट भरतं गं."

दादा डोळे चोळत आला. "काय चाललंय?"

"तुझ्या आईचा नाश्ता," वहिनी म्हणाली.

बाटली संपली होती आणि पाळी तोंडावर आली होती. काकू उठली, विळी घेतली. केळं सोलून कापलं, पालकाचं एकेक पान उलटं करून धुतलं. वहिनी शेजारी हाताची घडी घालून उभी राहिली आणि काकूच्या बोटांवरून तिने नजर हटवली नाही. जवसाचा डबा उघडताना काकूने तो आधी तिच्या नाकाखाली धरला. वहिनीने खरंच वास घेतला, मग मान हलवली.

डेपोजवळच्या खोलीला वहिनीने लगेच नाही म्हटलं नाही. बरेच दिवस त्या मालकिणीला झुलवत ठेवलं. मिक्सर मात्र त्या दिवसापासून पहाटे लागायला लागला आणि तोही दोघी हजर असतानाच. एकीने घालायचं, दुसरीने बघायचं. बघणारीने चमचाभर चाखायचं, आणि कमी झालेलं कोणी भरून ठेवायचं नाही. यातलं काही त्यांनी बोलून ठरवलं नव्हतं. खोलीची गोष्ट कधी सुटली ते माझ्या लक्षात आलं नाही. एकदा कंडक्टर बाई घरी आल्या तेव्हा वहिनी त्यांना सांगत होती, "आमच्या आई बघितल्याशिवाय बाटली बाहेर जाऊ देत नाहीत," आणि ते सांगताना ती तक्रार करत होती की फुशारकी मारत होती, ते त्या बाईंनाही कळलं नसावं.

पुढे काकूचे दात गेले, कवळी टोचायला लागली, तेव्हा दुपारचं जेवण म्हणून तीही तेच प्यायला लागली. वहिनी पहाटे दोन बाटल्या भरायची. काकू दोन्ही चाखायची, स्वतःचीसुद्धा.

शेवटच्या दिवशीही तसंच झालं. दुपारी मी आले तेव्हा ती खुर्चीत होती, मान कलंडलेली, बाटली अर्धी झालेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या. वहिनीला डेपोतून बोलावून आणलं. मग मी विचारलं, सकाळी काकू काही म्हणाली का?

काही विशेष नाही, वहिनी म्हणाली. ती चपला घालत होती आणि काकू आतून ओरडली होती, "मिक्सरचं भांडं पाण्यात घालून जा, ओट्स वाळले की सिमेंट होतं त्याचं!"