वॉकरचे पाय

नाशिक रोडला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या उन्हाळ्यात मी ओट्यावर बसून नुसता तळमळत होतो. समोर आमची मोगऱ्याची बाग कळ्यांनी भरलेली, आणि मला ना वाकता येई ना उकिडवं बसता येई. कळी उमलायच्या आत खुडली नाही तर बाजारात तिला कोणी विचारत नाही. बाया खुडायच्या आणि मी इथून ओरडायचो, ‘अगं, ती राहिली!’

मग एक दिवस बायकोनं मला न विचारता मधली ओळच उपटली. तिथं वॉकर चालेल एवढी वाट केली, फरशी टाकली आणि दारातल्या मोगऱ्याच्या कुंड्या वाटेच्या कडेला विटा रचून कमरेएवढ्या उंचीवर चढवल्या. माझा जीव तुटला. लय जुनी झाडं होती ती.

‘मी नाय येणार,’ मी म्हणालो. ‘फुलं देवाला जातात. आपण चपला बांधावर काढतो, आणि ह्या वॉकरला चार रबरी बूट हायेत.’

ती आत गेली. बादली आणून खाली बसली आणि वॉकरचे चारही पाय घासून धुतले.

‘घ्या, झाली त्याची अंघोळ. आता तुमचं काय अडलंय?’

मी उठलो. गेलो. एका हातानं वॉकर धरला, दुसऱ्यानं कळी खुडली. कुंडी जरा उंचच होती.

‘इथली एक वीट काढ,’ मी म्हणालो. ‘रोज खांदा दुखंल माझा.’

‘रोज येणार होय?’ ती म्हणाली आणि वीट काढायला लागली.