प्रज्ञाचा चहा

"सोमवारी होस्टेलात टाकतो हिला. तिथं बराबर सरळ होईल," वडीगोद्री गावच्या शाळेतले सर माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाले. शेजारी त्यांची बारा वर्षांची प्रज्ञा मान खाली घालून बसली होती. चौथीपर्यंत वर्गात पहिली येणारी पोर, आता सातवीत साधा होमवर्क पुरा करत नव्हती. वडील स्वतः शिक्षक, त्यांना ते फारच झोंबत होतं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. रोजच्या कामात माणूस कुठं अडतो ते बघून वाट काढायची, हे माझं काम. मी विचारलं, "लहानपणी डोक्याला मार लागला होता का?"

"न्हाई," सर म्हणाले.

"अहो, सांगा ना आता," प्रज्ञाची आई बोलली. "चार वर्षांची असताना गच्चीवरून पडल्ती, मॅडम. लई दिवस आयसीयूत होती. मंग बरी झाली. पुढं लग्नात कोणी बोट दाखवायला नको, म्हणून आम्ही कुठं बोललोच न्हाई."

असा संताप आला मला! पण गिळला. प्रज्ञाला सेंटरच्या किचनमध्ये नेलं, मागोमाग आईवडील. "चहा कर बाई सगळ्यांना. आधी सांग, कसा करशील?"

तिनं न चुकता सांगितलं.

"बघा! सगळं येतं. नुसती नाटकं करून राह्यली," सर म्हणाले.

शांततेत तिला जमणार, हे मला ठाऊक होतं. तिनं दूध-पाणी गॅसवर ठेवलं, साखर टाकली. मग मी सरांना म्हटलं, "आता घरी बोलता तसं बोला."

"जल्दी कर. आलं किस. कप धुतले का? माझ्यात साखर कमी."

प्रज्ञा थांबली. हातात किसणी, समोर चहा वर येतोय, आणि ती नुसती बघतेय. चहा उतू गेला, बर्नर विझला, गॅसचा वास सुटला. तरी तिचा हात हलेना. सर ओरडायला पुढं झाले. मी त्यांना आडवा हात घातला आणि गॅस बंद केला. तेव्हा कुठं त्यांनी लेकीचा चेहरा नीट पाहिला. पार गोंधळलेला होता.

"हे नाटक न्हाई," ते हळूच म्हणाले.

मी समजावलं, "आधी काय, नंतर काय, ही आखणी मेंदूचा पुढचा भाग करतो. चार वर्षांच्या पोरीला ती कुठं लागते? सगळं आईच करते. मोठेपणी गरज पडते, तेव्हा जुनी इजा दिसते. मोसंबीचं कलम लहानपणी दुखावलं तर पानं हिरवीच असतात, कसर फळ धरताना कळते."

"पहिल्यासारखी होईल?" सरांनी विचारलं.

"ते वचन मी देणार नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा. ती झाली की पुढची. शिकेल ती."

प्रज्ञानं विचारलं, "पप्पा, मंग मी मुद्दाम करत नव्हते ना?"

सरांनी मान हलवली, मुद्दाम नाही म्हणून.

होस्टेल रद्द झालं. प्रज्ञा अजून अडते, वेळ घेते, पण गावातल्याच शाळेत जाते. आणि मी? 'पडली होती, पण बरी झाली,' असं कोणी म्हणालं की ते उत्तर अर्धंच धरते.