महाराज, हुकूम!

मंठ्याच्या बाजारात साळवे सर दिसले की पानवाल्यापासून अडत्यापर्यंत सगळे ओरडायचे, "महाराज, हुकूम!" मग सर पिशवी खाली ठेवायचे, कमरेला एक झटका द्यायचे आणि म्हणायचे, "बिलकुल न्हाई!" तेवढं केल्याशिवाय त्यांना कुणी पुढे जाऊ देत नसे.

सत्तरच्या दशकात आम्ही एकाच शाळेत होतो. ते मराठी शिकवायचे, मी गणित. एकदा त्यांनी मला एका जुन्या ग्रीक नाटकाची गोष्ट सांगितली. राजा हुकूम काढतो, की अमक्याच्या प्रेताला माती द्यायची नाही. मेलेल्याची बहीण हुकूम मोडून मूठभर माती टाकते आणि राजा तिला जिवंतपणी भिंतीआड कोंडतो. सरांना याचा गाण्याबजावण्याचा, हसरा वग करायचा होता. "अहो, ही रडायची गोष्ट," मी म्हणालो.

"रडून सांगितलं तर लोक उठून जातेत, सर. हसवून सांगू. मंग बराबर ऐकतेत."

त्यांना काय ऐकवायचं होतं ते मला ठाऊक होतं. ते लहान असताना त्यांच्या गावी वडिलांची तिरडी एका शेतमालकाने बांधावरच अडवली होती. आमच्या रानातून तुमची मयत न्यायची नाही, म्हणाला. शेवटी ती ओढ्यातून, चिखल तुडवत, वळसा घालून न्यावी लागली.

शाळेच्या गॅदरिंगला शिपायाची ढोलकी कडाडली. राजा स्वतः सर. शिपाई ओरडायचे, "महाराज, हुकूम!" आणि प्रत्येक विनवणीला कमरेचा झटका आणि "बिलकुल न्हाई!" लोक गडबडा लोळायचेच बाकी राहिले. शेवटी भिंतीआडून येणारं बहिणीचं गाणं थांबतं, ढोलकी थांबते आणि एकटा उरलेला राजा तेच शब्द हळूच म्हणतो. इथे लोकांनी गप्प व्हावं म्हणून सरांनी जीव ओतला होता. लोक इथेही हसले. पहिल्या रांगेत मीही पोट धरून हसलो. ते हसू मला अजून टोचतं.

मग पिंपळगाव रेणुकाईच्या जत्रेपासून सगळीकडची बोलावणी यायला लागली. सर वैतागायचे. "म्या त्या पोरीसाठी लिव्हलं वो. लोक मलाच राजा करून राह्यले."

त्यांची आई गेली तेव्हा त्रिसरण म्हणून आम्ही त्यांच्या गावी तिरडी उचलली. मी खांदेकऱ्यांत होतो. तोच बांध आला. तोच मालक, आता म्हातारा झालेला, वाटेत उभा होता. सरांनी हात जोडले. "मालक, जाऊ द्या."

म्हाताऱ्याने कमरेला झटका दिला. "बिलकुल न्हाई!" आणि खो खो हसत बाजूला झाला. "गंमत केली, महाराज. जा, जा. तुमचा खेळ तीनदा पाह्यला म्या."

तिरडी त्या बांधावरून गेली. परतताना सर एवढंच म्हणाले, "वाट भेटली, सर. पण मला वाटलं व्हतं, त्याला शरम वाटंल."

पुढच्या बाजारी पानवाल्याने नेहमीसारखी हाक मारली. मी त्याला गप्प करायला निघालो, तर सरांनी मला हाताने मागे सारलं. पिशवी खाली ठेवली आणि कमरेला झटका दिला.