म्हशीनं दूध का दिलं नाही

दादा गेला तो कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी. तुळजापूरहून वहिनीचा फोन आला आणि मला रडू फुटायच्या आधी राग आला... आता तो चोर सुटणार म्हणून. सख्खा भाऊ गेला त्या दिवशी मला हे सुचलं. सुचलं तर सुचलं, खोटं कशाला लिहू?

दादा शाळामास्तर. सुट्टी लागली की एसटी पकडायचा आणि तामलवाडीपासून माकणीपर्यंत बायांची देवीची गाणी उतरवून घ्यायचा. लिहिलेलं तो बाईला वाचून दाखवायचा. तिनं "व्हय, असंच" म्हटलं की खाली तिचं नाव, गाव, अंगठा. आमची माकणीची आत्या एकदा गाताना ओळ विसरली आणि त्याच सुरात म्हणाली, "म्हशीनं दूध न्हाय दिलं गं आई..." दादाचा पेन थांबला. "म्या म्हणलं ते लिव्ह की, लेका! देवीला सांगितलंय, तुला न्हाय," आत्यानं दम दिला. दादानं गुमान लिहिलं.

मग त्यानं आपल्याकडची नेहमीची चूक केली. पुस्तकाला मोठ्या माणसाची प्रस्तावना हवी, म्हणून वहीची झेरॉक्स शहरातल्या एका नामांकित प्राध्यापकाकडे पाठवली. प्रस्तावना आली नाही. दोन वर्षांनी पुस्तकच आलं, सरांच्या नावाचं. त्यात दादाचं नाव नाही, एकाही बाईचं नाव नाही. वर आत्याच्या ओळीखाली पानभर टीप, की म्हैस म्हणजे महिषासुर! दादानं दावा लावला, तर उत्तर आलं, लोकगीताला मालक नसतो. "मालक नसंल, म्हणणारी तर असती ना?" दादा शांतपणे म्हणायचा. ती शांतता मला कधी जमली नाही, जमवायचीही नाही.

तेरावं झाल्यावर सर हार घेऊन आले. म्हणाले, "मास्तर गेले, आता कोर्ट कशाला? मूळ वही द्या, जपून ठेवू. पुढच्या आवृत्तीत आभार मानतो." आभार! वहिनी चहा ठेवायला उठली. मी तिला बसवलं आणि म्हटलं, "देते की वही. तेवढं म्हशीनं दूध का दिलं नाही ते सांगा." अहो, ते खरंच सांगायला लागले... महिषासुर, अहंकार, शरणागती. मी सगळं ऐकून घेतलं. मग वही उघडून पुढ्यात धरली. आत्याच्या अंगठ्याशेजारी, समासात, दादाचं बारीक अक्षर: 'परवा रेडकू मेलं.' झेरॉक्समध्ये समास कापला गेला होता. सर चहा न घेताच गेले.

दाव्यात आता वारस म्हणून वहिनीचं नाव लागलंय आणि मी तिच्यासोबत प्रत्येक तारखेला जाणार आहे. वही दादाच्या टेबलावरच असते, लाल फडक्यात. मला सरांची माफी नको. प्रत्येक बाईचं नाव छापावं, आणि माकणीला येऊन, आत्यासमोर मांडी घालून, ती "व्हय, असंच" म्हणेपर्यंत सगळं पुस्तक वाचून दाखवावं. आत्याला हे सांगितलं, तेव्हा तिनं डोळ्यांना लावलेला पदर काढला.

"येऊ दे त्याला," म्हणाली. "म्या काय लवकर व्हय म्हणत न्हाय."