डुक्कर फियाटचं हेड

वारूळवाडीच्या खंडूला लोक तोंडावर हुशार म्हणत आणि माघारी तिरसट. दोन्ही खरं होतं. उघड्या इंजिनाजवळ कुणी विडी ओढायला लागलं की तो पाना खाली ठेवायचा आणि विडी विझेपर्यंत तोंड उघडायचा नाही. नारायणगावात हायवेलगतच्या एका शेडमध्ये तो आणि संपत असे दोघे मिस्त्री कामाला होते. खंडूला आयुष्यात एकच हाव होती, स्वतःच्या गॅरेजची. असली हाव बड्या माणसाजवळ बोलून दाखवू नये. यानं दाखवली.

येडगावच्या कुंडलिकअण्णांकडे वडिलांच्या वेळची डुक्कर फियाट होती, वर्षानुवर्षं बंद. अठ्ठ्याण्णव साली थोरल्या भरतचं लग्न ठरलं आणि नवरदेव त्याच गाडीत बसणार असं अण्णांनी जाहीर केलं. "खंडू, गाडी चालू करून दे," ते म्हणाले, "स्टँडजवळचा माजा गाळा तुला दिला."

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, पुण्याहून फेसिंग करून, तळ सपाट घासून आलं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीटा नव्यानं कापून. खंडूनं ते अण्णांच्या पडवीत पोत्यावर ठेवून धुतलं, कोपऱ्याकोपऱ्यातला कीस काढला. मग एकेक व्हॉल्व्ह पेस्ट लावून आपापल्या सीटवर घासला, दोन्ही तळव्यांत काठी फिरवत, ताकाला रवी फिरवावी तसा. हेड उलटं करून रॉकेल ओतलं. थेंबही झिरपला नाही. स्प्रिंगा बसल्या, हेड इंजिनावर चढलं, मधल्या नटापासून कडेकडेला जात त्यानं सगळे नट थोडेथोडे आवळले. राहिला फक्त कार्बोरेटर. त्याच्या जागेचं उघडं तोंड त्यानं फडकं कोंबून बंद केलं, आत काही पडायला नको म्हणून.

तेवढ्यात अण्णांची आई, साळुबाई, पूजेचं ताट घेऊन आल्या.

"आजी, जरा थांबा," खंडू म्हणाला. "इंजिन उघडं हाय. सगळं बसल्याव करा पूजा."

"मुहूर्त थांबतो व्हय रं तुझ्यासाठी?"

अण्णा हसले. "तुमाला देवाचं वावडं, आमाला न्हाई. जा, मागल्या दारी च्या पिऊन ये."

खंडूच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा नव्हता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बोलणं त्याच्या वर्मी लागलं. पण गाळा डोळ्यांपुढे होता, म्हणून गेला. मागल्या दारी कान तुटलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा आला, तोही तो पिऊन आला.

इकडे साळुबाईंना पूजेत काळं फडकं खपेना. त्यांनी ते उपसून टाकलं, त्या उघड्या तोंडावर विड्याचं पान झाकलं आणि पानावर सुपारी आणि सव्वा रुपया ठेवला. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. उचलताना पान कलंडलं. सुपारी आणि रुपया हाताला लागला, चार आणे आत गेले. म्हातारीनं इकडेतिकडे पाहिलं आणि फडकं होतं तसं कोंबून ठेवलं. हे सुनेनं, अण्णांच्या बायकोनं, पाहिलं, पण सासूपुढे ती काय बोलणार!

खंडूनं येऊन कार्बोरेटर बसवला आणि चावी फिरवली. इंजिनानं पकडलं. लग्नासाठी जमलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, तोच आतून खडाड आवाज झाला आणि गाडी बंद पडली. त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर हेड उतरवलं. एक व्हॉल्व्ह वाकला होता आणि पिस्टनवर दुमडलेलं चार आण्याचं नाणं पडलं होतं.

"अण्णा, हे पूजेतलं हाय," खंडूनं नाणं पुढं केलं.

अण्णांनी नाण्याकडे नाही, आईकडे पाहिलं.

"माजा सव्वा रुपया मी मोजून उचलला," साळुबाई म्हणाल्या.

"तुज्याच खिशातनं पडलं आसंल," अण्णा म्हणाले. "आन हात जोडायला काय झालं व्हतं तुला?"

चोर सोडून संन्याशाला सुळी! नवरदेव भाड्याच्या जीपमधून गेला.

लग्नानंतर अण्णांचा निरोप आला: आतलं काम खंडूनं करावं, गाडी चालू मात्र संपत करील. खंडू गेला. लाज सोडून गेला म्हणा हवं तर. पण आपल्या हातचं बिघडलेलं काम दुसऱ्यानं निस्तरावं हे त्याला सोसलं नसतं, आणि अण्णा हे ओळखून होते. नवा व्हॉल्व्ह घासून, बसवून तो कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. संपतनं नारळ फोडला, हात जोडले, चावी फिरवली. इंजिन असं चाललं की बोनेटवर भरला पेला ठेवावा आणि थेंब सांडू नये.

"हाताला यश लागतं बाबा," साळुबाई म्हणाल्या. गाळा संपतला मिळाला.

खंडू त्याच गाळ्यात नोकरीला लागला. पुढं कधीतरी नारायणगावच्या बाजारात त्या सुनेनं खंडूच्या बायकोला, पारूबाईला, खरं काय ते सांगितलं. पारूबाई तणतणत घरी आली. "आता तरी जाऊन बोला की!"

"कुनाला?" खंडू म्हणाला आणि जेवायला बसला.

मंचर, ओतूरहून जुन्या गाड्यांची हेडं अजून त्याच्याकडे येतात. काम संपलं की तो हात पुसून बाजूला होतो. चावी संपत फिरवतो. परवा संपत गावाला गेला होता आणि एक गिऱ्हाईक खोळंबलं होतं. "मिस्त्री, तुमीच लावा की चालू," ते म्हणालं.

"संपतभाऊला येऊ द्या," खंडू म्हणाला. "माज्या हाताला यश न्हाई."