जागा मिळाली का, माय?

मी घर सोडलं त्या दिवशी माझ्याआधी बाबांचा रुमाल गाडीत चढला. रेल्वे लेट असल्याची घोषणा झाली तसे बाबा कुंपणातल्या फटीतून पलीकडच्या एसटीच्या आवारात पळाले. मुंबईची गाडी फलाटाला लागते न लागते तोच त्यांनी खांद्यावरचा लाल चौकड्यांचा रुमाल खिडकीतून आत टाकला. मी रेटारेटी करत आत शिरले आणि त्या रुमालावर जाऊन बसले.

"जागा मिळाली का, माय?" बाबा खालून ओरडले.

मी मान हलवून रुमाल खिडकीतून परत दिला. आई मात्र डबा घेऊन रेल्वेच्या फलाटावरच उभी होती. ती धावत येईपर्यंत गाडी सुटली. तो डबा नंतर बाबांनीच संपवला म्हणे.

तुम्ही जे गावाकडंच राहिलात, तुम्हाला आपलं टेसनष्टँड काय सांगायचं? पण माझ्यासारखे बाहेर पडलेले विसरले असतील. एकच गेट, डावीकडे रेल्वे, उजवीकडे एसटी, आणि दोन्हीकडच्या घोषणा एकमेकींत घुसलेल्या. परळीला निघालेला माणूस हैदराबादच्या घोषणेला ताडकन उठायचा. एवढ्या गोंधळात कायदा एकच होता: टाकलेला रुमाल दुसऱ्यानं उचलायचा नाही. तो कुणाचा, त्याचं आडनाव काय, हे कुणी विचारत नसे. आमच्या आज्याला गावात पारावर बसू देत नव्हते. त्याच गावची माणसं बाबांच्या रुमालाशेजारी गुमान उभी राहायची. मला त्याचा फार आनंद व्हायचा, अजूनही होतो.

मरोळच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. शेजारच्या टेबलावरच्या सावंतनं विचारलं, "काय गं, जागा मिळाली का?"

"हो, खिडकीची मिळाली."

"झकास! आल्या आल्या? कुठे, अंधेरीत?"

"नाही रे, एसटीत."

सगळं ऑफिस हसलं. मुंबईत जागा म्हणजे घर, हे मला तेव्हा कळलं. सावंत मूळचा मालवणचा, आता मुलुंडचा. तो मला आजही 'खिडकी' म्हणतो.

घराची जागा काही रुमाल टाकून मिळेना. अंधेरी झाली, घाटकोपर झालं, मानखुर्द झालं. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट संपलं की उचला बिऱ्हाड. फोनवर रिकामी असलेली खोली, आडनाव सांगितलं की 'कालच गेली' असायची. एका घरमालकिणीनं तर "तुमचं खाणंपिणं वेगळं ना" म्हणत दारातच चहा दिला. मी तो न पिता परत आले. दर रविवारी बाबांचा फोन यायचा आणि प्रश्न तोच, "जागा मिळाली का, माय?" आधी हसू यायचं, मग रडू, मग राग. तो राग मी कामात ओतला. प्रमोशनं घेत गेले आणि ठरवलं, आता उठायचं ते स्वतःच्या घरात जायलाच.

यंदा ते घर झालं. मुलुंडला, सावंतच्या बिल्डिंगच्या मागे, तळमजल्यावर. डास आहेत, समोर पार्किंग आहे, लोक नाकं मुरडतात. मी मात्र बघताक्षणी हो म्हटलं. दारावर पाटी लावली, आडनावासकट, आणि अक्षरं जरा मोठीच करून घेतली.

आईबाबांना घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा नवं कुलूप हट्टाला पेटलं. मी किल्लीशी झटापट करतेय, आई सूचना देतेय, आणि बाबा गायब. दार उघडून आत गेले तर हॉलच्या रिकाम्या फरशीवर लाल चौकड्यांचा रुमाल पडलेला. खिडकीच्या गजांपलीकडे बाबा उभे.

"जागा मिळाली का, माय?"

"मिळाली, बाबा."

"मग बस आता निवांत. हितून कुनी उठवत नसतंय."

मी तिथंच, रुमालावर, फतकल मारून बसले आणि पोटभर रडले. आई म्हणाली, "रडतीस काय, आधी चहा टाक." इतकी जिंकल्यासारखी मी कधीच रडले नव्हते.

आईबाबा परत निघाले तेव्हा मी रुमाल घडी करून बाबांना देऊ लागले, तर त्यांनी हात मागे घेतला. "राहू दे. रुमाल उचलला की जागा जाते."

तो आता माझ्या खिडकीत असतो. गेल्या महिन्यात मी घरी जाऊन आले. घरी म्हणजे तिकडे. दोन्हीकडं घरच म्हणते मी हल्ली, ऐकणाऱ्यानं समजून घ्यावं. मुलुंडला पोहोचते तोच आईचा फोन आला.

"तुझी ओढणी हितंच राहिली की गं. खिडकीत. कशी विसरलीस?"

"विसरले नाही, आई. टाकलीय."