दुकान शबानानं चालवलं होतं

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही — आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिच्यापाशी तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

शहरात माझ्याबद्दल लोक चांगलं बोलतात. देवगाव रंगारीची पोरगी, शेतकऱ्याच्या घरातली, अमेरिकेत एमबीए करून आली, वाळूजला स्वतःचा कारखाना काढला. कॉलेजांतून भाषणाला बोलावतात. मी जाते. जिद्दीवर बोलते, मेहनतीवर बोलते. टाळ्या पडतात. आणि दरवेळी —

थांबा. शबानापासून सुरू करते.

बी.कॉम.ला आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या अब्बांचं शहागंजमध्ये कापडाचं दुकान. शेवटच्या वर्षाला अब्बांना लकवा मारला. भाऊ लहान. ठोक व्यापारी म्हणाले, पोरीच्या भरवशावर माल कसा द्यायचा? शबाना भांडली नाही. दुकानात उरलेल्या कापडाचं गाठोडं बांधून ती गल्लीगल्लीत घरोघरी गेली, बायकांजवळ बसली. तिला कळलं, की पुरुषांसमोर चार तागे उलगडून बघायला, घासाघीस करायला बायकांना अवघडल्यासारखं होतं. तिनं दुकानाच्या मागच्या भागात पडदा लावला. दुपारी तिथं फक्त बायका. चहा, गप्पा आणि कापड. दुकान उभं राहिलं. तेच व्यापारी मग स्वतः पायऱ्या चढून आले.

मी तेव्हा बजाजनगरला भावाकडं राहून एका कंपनीत हिशेबाचं काम करायचे. अमेरिकेचं वेड दोघींचं. सुट्टीच्या दिवशी सायबर कॅफेत बसून आम्ही बिझनेस स्कूल शोधायचो. मी नाव बघायचे — कोणतं मोठं, कोणतं ऐकलेलं. ती बघायची तिथं शिकवतात काय. एका लहान गावातली शाळा तिलाच सापडली. तिथं घरचे धंदे कसे वाढवायचे ते शिकवायचे, आणि परदेशी मुलांना शिष्यवृत्ती होती. "इथंच भरू, वर्षा," ती म्हणाली. "दोघी मिळून पकाएंगे, खाएंगे." म्हणजे बघा, शाळासुद्धा तिनंच निवडलेली.

अर्जातल्या निबंधात ती दुकानाबद्दल लिहिणार होती. मीच म्हणाले, नको, ते मुलाखतीला ठेव. तोंडी सांगितलंस तर जास्त पोचेल. त्या वेळी माझ्या मनात काही होतं का? हे मी स्वतःला खूपदा विचारलंय. नव्हतं. खरंच नव्हतं. पण त्यानं काय फरक पडतो?

मुलाखत घ्यायला त्या शाळेचे एक जुने विद्यार्थी पुण्याहून आले. स्टेशनजवळच्या हॉटेलात, सकाळी मी आणि दुपारी शबाना. त्यांनी विचारलं, कुणी अधिकार दिलेला नसताना तुम्ही पुढं होऊन काही केलंय का? मी ऑफिसातल्या बिलांचं काहीतरी सांगायला लागले. त्यांचं पेन थांबलं. त्यांना कंटाळा आलाय हे मला दिसत होतं. आणि मी म्हणाले, "माझ्या मामांचं कापडाचं दुकान होतं. कन्नडला."

पुढचं सगळं सांगितलं. लकवा, व्यापारी, गाठोडं. पडदासुद्धा. पेन पुन्हा चालायला लागलं. त्यांनी विचारलं, पडद्याचं कसं सुचलं? मी म्हणाले, "बायकांजवळ जाऊन बसले, म्हणून." हे वाक्यदेखील शबानाचं.

बाहेर आले तेव्हा वेळ होती. शहागंज काही लांब नव्हतं. जाऊन तिला सांगता आलं असतं — मी माती खाल्ली, तू दुसरं काही सांग. मी बजाजनगरची बस धरली.

दुसऱ्या दिवशी घरी त्यांचा फोन आला.

"दुपारच्या उमेदवारानं जवळजवळ तुमचीच गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "पडद्यासकट. तुमची ओळख आहे का?"

"हो. मैत्रीण आहे."

"मग ही गोष्ट कुणाची?"

इतका सरळ प्रश्न. वहिनी बाजूला मेथी निवडत होती. खरं बोलायला एक शब्द पुरला असता. शबानाची. बस.

"माझी," मी म्हणाले.

पुढं काही विचारलंही नव्हतं त्यांनी. मीच बोलले, "तयारी आम्ही एकत्र केली ना, सर. तिला इंग्रजीची भीती वाटते. घाबरून बोलून गेली असेल. तिला वाईट समजू नका."

"तुम्ही मनानं मोठ्या आहात," ते म्हणाले.

पहिलं खोटं घाबरून बोलले, असं मी म्हणू शकेन. पण हे? तिच्यासाठी रदबदली करत करत मी तिला चोर ठरवलं.

मला शिष्यवृत्तीसकट प्रवेश मिळाला. तिला नकार. कारण ते लोक सांगत नाहीत. ती म्हणाली, "मेरी अंग्रेजीच कच्ची पडी, वर्षा. मैं पडदे की बात बोली ना, तर ते सर लिहायचेच थांबले. एकदम चूप." का थांबले ते मला ठाऊक होतं. मी म्हणाले, पुढच्या वर्षी परत भर.

"नाय गं," ती म्हणाली. "अपने बस का नहीं."

तिनं परत कधीच अर्ज केला नाही. मी निघाले तेव्हा दुकानातलं सगळ्यात चांगलं गरम कापड काढून तिनं मला कोट शिवून दिला. तिकडं थंडी लई असती म्हणाली. मी तो घातला. दोन्ही हिवाळे घातला.

गेल्या वर्षी ती मुलीला, सनाला, घेऊन माझ्या कारखान्यावर आली. सनाला अमेरिकेलाच जायचं होतं. शबाना म्हणाली, "इसे समझा, इंटरव्ह्यू में कैसा बोलना. मला नाय जमलं, तुला जमलं."

सनानं वही उघडली. "खाला, तुम्ही काय सांगितलं होतं?"

शबानाही माझ्याकडं बघायला लागली. इतक्या वर्षांत तिनं मला हे कधी विचारलंच नव्हतं.

"ऑफिसच्या कामाचं काहीतरी," मी म्हणाले. "आता आठवत नाही."

शबानानं मान हलवली. "देखा?" ती लेकीला म्हणाली. "साधं बोलायचं. जे आहे ते."

सना आता तिकडं आहे. शबाना अधूनमधून येते, तिचे फोटो दाखवते. मी चहा मागवते. तिला मी सांगितलेलं नाही.